केसरची दोरी आणि मॅडमचा खांब

केसर दिसायच्या आधी ऐकू येते. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात याबद्दल दुमत नाही. ती बंदरावर बोलत असली तर मासळी वाळवायच्या खळ्यावर कळतं, आणि खळ्यावर बोलत असली तर मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात चेअरमन खिडकी लावून घेतात. वाक्य संपवायची तिला सवय नाही. एक चालू असतानाच दुसरं दारात येऊन उभं राहतं. अलिबागच्या बाजारात बसली की ती गिऱ्हाइकाच्याच आवाजात गिऱ्हाइकाशी बोलते. "ताजं आहे ना हो मावशी? कालचं नाही ना?" असं कुणी नाकातून विचारलं, की तीही नाकातून म्हणते, "कालचं असतं तर आज मी तुम्हाला तोंड दाखवलं असतं का हो वहिनी?" वहिनी आधी रागावतात, मग हसतात, मग घेतात.

थळहून लग्न होऊन आली तेव्हा ती गप्प असायची, असं म्हणतात. बघितलेलं मात्र कुणी सांगत नाही. तिचा नवरा काळूराम तांडेल आहे, म्हणजे स्वतःची होडी स्वतः चालवतो. घरात शब्दांचा बहुतेक साठा केसरने वापरून टाकल्यामुळे त्याच्या वाट्याला फारसे आले नाहीत. तो मोकळा बोलतो फक्त होडीवरच्या वायरलेसवर, कारण तिथे बटण दाबलं की समोरच्याला मधे बोलता येत नाही. परतीच्या वाटेवर असला की सोसायटीच्या भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू येतं:

"क्येसर... क्येसर... आयकतंस काय? टोपल्या घेऊन ये. वव्हर."

गावातली शेंबडी पोरंसुद्धा हे वाक्य त्याच्यासारखं म्हणू शकतात. 'वव्हर', म्हणजे 'ओव्हर', म्हणताना तो थोडा दम खातो, तेवढं जमायला वेळ लागतो.

केसरचं खरं काम खळ्यावर. वाळूत बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणायच्या, त्याला वलांडी म्हणतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ओला बोंबील म्हणजे पाण्याची पिशवी. दोरी सकाळी पोटुशी असल्यासारखी लोंबते, आणि दोन-तीन दिवसांनी तेच बोंबील काड्या होऊन वाऱ्यावर खुळखुळतात. केसरची वलांडी सगळ्यांत पुढे, समुद्राच्या तोंडावर आहे. वारा पहिला तिथे लागतो. सासूने सुनेला दिलेली ती एकच गोष्ट, आणि तीही नाइलाजाने.

तिच्या शेजारची वलांडी नीराबाईची. नीराबाई म्हणजे चेअरमन विठोबा शेठची बायको. तिचा आवाज सतत उतारावरून घसरत असतो. "आमच्या खुंटाला हल्ली काय लागतंच न्हाय गो केसर... काय झालंय काय म्हायत... रिकामीच दोरी बघायची..." यातला खुंट समुद्रातला. तळाच्या चिखलात लाकडाचा जाडजूड खुंट ठोकायचा आणि भरतीओहोटीच्या ओढीत त्याला डोल बांधायची. डोल हे मोठ्या पिशवीसारखं जाळं. कोणत्या घराचा खुंट कुठे हे पणज्यांपासून ठरलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या खुंटाला डोल बांधणं हे दुसऱ्याच्या चुलीवर आपला भात ठेवण्यासारखं समजतात. काळूरामच्या घरचे दोन खुंट. त्यातला एक पावसाळ्यात मोडला. नवा ठोकायला दोन होड्या आणि बरीच माणसं लागतात, म्हणून ते काम प्रत्येक वेळी पुढच्या भांगावर ढकललं जात होतं. भांग म्हणजे पाण्याची ओढ मंद असते ते दिवस. ओढ जोरात असते ते उधाणाचे. काळूराम मात्र उरलेल्या एका खुंटावर दोन खुंटांची मासळी आणत होता. "दर्या देतो," एवढंच तो म्हणे. केसर नीराबाईची नक्कल करण्यात गुंतलेली असायची, तिने या हिशेबात डोकं घातलं नाही.

गणपतीनंतर सोसायटीच्या जागेत दोन लोखंडी खांब उभे राहिले. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, मधे दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काठीसारखी एरियल. उत्तरेचा खांब बरोबर केसरच्या वलांडीच्या कडेला आला. ते लावायला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून मृणाल मॅडम आल्या होत्या. वय लहान, चष्मा मोठा. प्रत्येक दुसरं वाक्य त्या 'ॲक्च्युअली'ने सुरू करत. केसरने तो शब्द पहिल्याच दिवशी उचलला.

त्या दिवशी सोसायटीत सभा झाली. विठोबा शेठ चेअरमन झाल्यापासून नोटिशीसारखे बोलतात, प्रत्येक वाक्याखाली शिक्का बसेल अशी जागा सोडून.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते," ते समोर बसलेल्या सभासदांना म्हणाले, "की सदर खांबांस कोणीही हात लावू नये. दोरी, जाळे, कपडे, मासळी बांधू नये. जो कोणी बांधेल त्याची वा तिची खळ्यावरची जागा काढून घेण्यात येईल." 'तिची' म्हणताना त्यांनी केसरकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय भावजी? मी काय खांब खातंय?"

मॅडमनी समजावून सांगितलं. होडीवरून कुणी वायरलेसवर बोललं, की ते कोणत्या दिशेने बोललं हे या दोन खांबांना कळेल. अशीच एक जोडी उरणला आहे. दोन्हीकडच्या दिशांच्या रेघा नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे होडी. इंजिन बंद पडलं, पाणी शिरलं, तांडेलाला आपण कुठे आहोत तेही सांगता येईना, तरी चालेल. नुसतं बटण दाबायचं.

"आणि शिव्या दिल्या तर?" मागून एकाने विचारलं.

"ॲक्च्युअली, शब्दांशी त्याला काही घेणं नाही. फक्त दिशा."

सभेला हायसं वाटलं आणि ठराव मंजूर झाला.

थंडी पडली, उत्तरेचा वारा सुटला, आणि केसरच्या वलांडीचा एक बांबू मोडला. नवा बांबू आणेपर्यंत, अगदी तेवढ्यापुरतंच, तिने त्या दोरीचं टोक लोखंडी खांबाला बांधलं. दुसरं टोक पुढच्या, समुद्राच्या बाजूच्या बांबूला होतं. दोरी अशी ताठ कधी बसली नव्हती. नवा बांबू काही आला नाही. विठोबा शेठ खिडकी लावून बसत असल्यामुळे त्यांना दिसलं नाही. नीराबाईला दिसलं असतं, पण तिच्या दोरीवर टाकायला काही नसल्यामुळे ती हल्ली खळ्यावर कमी यायची. राहिल्या मॅडम. त्यांची जीप किल्ल्याच्या वेशीतूनच आत यायची, आणि वेशीवर मोरू रिक्षा लावून बसलेला असायचा. जीप दिसली की तो केसरला मिस्ड कॉल द्यायचा. मॅडम चहा घेऊन खांबाशी पोचेपर्यंत दोरी खाली, बोंबील टोपलीत, आणि केसर हात पुसत उभी.

"या मॅडम, या. तुमचे खांब बरे हायत. मी लक्ष ठेवतंय."

मॅडम खांब ओळंब्याने तपासायच्या. खांब सरळ असायचा. तरी त्या चिंतेत असायच्या. त्यांनी केसरला एकदा सांगितलंही. मांडव्याच्या फेरी बोटीची जागा उपग्रहावरून कायम माहीत असते, तिच्यावर त्या आपले खांब पारखून बघत. उरणची जोडी चोख होती. रेवदंड्याची जोडी मधेच दिशा चुकवायची. अचानक दोनेक अंश उत्तरेला जायची आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू ताळ्यावर यायची. पुन्हा काही दिवसांनी तेच.

"आणि गंमत माहितीये का केसरताई? हे नेमकं पुनव-अवसेच्या आसपास होतं. उधाणाला! म्हणजे ॲक्च्युअली समुद्राच्या पाण्यावरून परावर्तन होऊन काहीतरी घडतंय. चंद्राचा परिणाम आहे हा. मी त्यावर पेपर लिहिते आहे."

"चंद्राचं काय सांगता येत न्हाय," केसर गंभीरपणे म्हणाली. मॅडम गेल्यावर तिने सगळ्या खळ्याला ॲक्च्युअली चंद्र करून दाखवला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण उधाणाच्या एका सकाळी उत्तरेकडे, जहाजांच्या वाटेत, एका मालवाहू जहाजाच्या पुढ्यात जाळ्याचे तरंगते बुळबुळीत बोये आले आणि कप्तानाने तक्रार केली. न्हावा शेव्याला जाणारी जहाजं त्या वाटेने जातात, तिथे जाळं टाकायला बंदी आहे. परवाना खात्याने खांबांची नोंद मागवली. त्या वेळेला त्या भागातून एकच आवाज आलेला होता. उरणची रेघ आणि रेवदंड्याची रेघ बरोबर जहाजांच्या वाटेत छेदत होत्या. आवाज म्हणत होता: "क्येसर... आयकतंस काय? टोपल्या घेऊन ये. वव्हर."

विठोबा शेठनी घरी येऊन नोटीस वाचून दाखवली. नेहमीसारखंच बोलत होते, त्यामुळे नोटीस कुठे संपली आणि शेठ कुठे सुरू झाले ते कळलं नाही. सार एवढंच, की सोसायटीत सुनावणी होईल. काळूरामचं म्हणणं पटलं नाही तर होडीचा परवाना निलंबित, आणि होडी पावसाळ्यापर्यंत वाळूवर.

"मी जहाजाच्या वाटेत नव्हतो," काळूराम म्हणाला.

"मग कुठे होतास? ते सांग, म्हणजे प्रश्न मिटला."

"दर्यात होतो."

"दर्या मोठा आहे, काळूराम."

"व्हय. मोठा हाय."

शेठ गेल्यावर केसरने त्याला फैलावर घेतलं. "कुठं होतात तुमी? आवो, तोंडात मीठ धरलंय काय? होडी गेली तर काय मी माझ्या तोंडानं बोंबील पकडू?"

"तुझ्या तोंडानं पकडशील," काळूराम म्हणाला, आणि जाळं शिवायला घेतलं. त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी तो तेवढंच बोलला: जहाजाच्या वाटेत नव्हतो. केसरला तो खोटं बोलत नाही हे कळत होतं. खोटं बोलायला जास्त शब्द लागतात.

सुनावणीच्या सकाळी मॅडम लवकर आल्या. मिस्ड कॉल आला, दोरी उतरली. पण मॅडम त्या दिवशी खांबाकडे न जाता केसरपाशीच वाळूवर बसल्या.

"मला वाईट वाटतंय केसरताई. मी कागदाच्या खाली लिहिलं होतं की उधाणाला एक-दोन अंशांची चूक येऊ शकते. बारीक अक्षरात. ते कुणी वाचलं नाही. आणि चूक का येते ते मला सांगता येत नाही, म्हणून मला नुसतं 'येते' म्हणून चालणार नाही."

"बाय, मना एकदा सांग तर खरी, हे तुझे खांब करतात तरी काय?" केसर म्हणाली. ती मॅडमना एकेरीत बोलायला लागली की तिचा राग गेला असं समजायचं.

मॅडम उठल्या. त्यांनी केसरला पाण्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. "आपण दोघी म्हणजे दोन खांब. लाट अगदी समोरून आली तर?"

"दोघींचे पाय एकदम भिजतील."

"आणि तुमच्या बाजूने तिरकी आली तर?"

"माझे आधी."

"किती आधी, यावरून लाट किती तिरकी होती ते कळतं. बस, एवढंच. वायरलेसच्या लाटा इतक्या वेगात येतात की घड्याळ कामाचं नाही, म्हणून आम्ही या खांबावरच्या लाटेचा माथा आणि त्या खांबावरच्या लाटेचा माथा शेजारी ठेवून बघतो, किती मागेपुढे आहेत ते. माणसं याच युक्तीने आकाश ऐकतात. नारायणगावच्या बाजूला मोठमोठ्या तबकड्या आहेत, एकमेकींपासून मैलोन्‌मैल लांब, पण सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र जुळवलं की मैलोन्‌मैल रुंद असा एकच कान तयार होतो. तारे मरताना काय बोलतात ते ऐकू येतं. दुसऱ्या देशांतल्या तबकड्या जुळवल्या तर जमीन वर्षाला नखभर सरकते तीसुद्धा मोजता येते. उपग्रहावरून तसंच भराव टाकलेली जमीन किती खचली ते बघतात."

"आमच्या न्हाणीची भिंत खचलीय, ती बी बघा म्हणावं."

"पण एक अट आहे. दोन कान कुठे आहेत ते पक्कं ठाऊक पाहिजे. आता तुम्ही एक पाऊल पुढे या, पाण्याकडे."

केसर पुढे झाली. लाट समोरूनच आली. तिचे पाय आधी भिजले, मॅडमचे मागून.

"बघा! लाट समोरून आली, पण माझा हिशेब म्हणेल की ती तुमच्या बाजूने आली. तुम्ही पाऊल पुढे टाकलंत हे मला माहीतच नाही ना! खांबाचं तर चार बोटं हललं तरी पुरतं. पण खांब काही चालत नाही, मी दर वेळी ओळंबा लावून बघते..."

मॅडम पुढे बरंच बोलल्या. केसर ऐकत नव्हती, आणि बोलतही नव्हती. ती उत्तरेच्या खांबाकडे बघत होती. मॅडमनी तिला उत्तरेच्या बाजूलाच उभं केलं होतं; दोरी त्याच खांबाला असायची, आणि दोरीचं दुसरं टोक समुद्राकडे. ताज्या बोंबलांनी भरलेली दोरी काय ओढते हे तिच्या तळहातांना माहीत होतं. आणि ताजे बोंबील ढिगाने यायचे ते उधाणाला.

सांगितलं तर सासूची जागा जाणार, वाऱ्याच्या तोंडावरची. शिवाय नवऱ्याला बायकोने अडकवलं ही गोष्ट कोळीवाड्यात तिच्याच आवाजात सांगितली जाणार; नकला करणारी ती काही एकटी नव्हती. न सांगावं तर होडी वाळूवर. होडी वाळूवर असली, तर सगळ्यांत पुढच्या वलांडीवर टाकायचं तरी काय? तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि मॅडमच्या मागून सोसायटीत गेली.

सुनावणीला परवाना अधिकारी होते. ते साहेब काहीही ऐकलं की "हां, नोंद घ्या" म्हणत. नोंद घ्यायला सोबत कुणी नव्हतं. भिंतीवर नकाशा, नकाशावर दोन रेघा, छेदावर लाल ठिपका. काळूराम खांद्यावर टॉवेल टाकून उभा.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"दर्यात."

"हां, नोंद घ्या. दर्यात कुठे?"

काळूरामने नकाशाकडे बघितलं, मग विठोबा शेठकडे, मग पायाकडे.

"साहेब," केसर म्हणाली, "जरा भायेर चला."

"सुनावणी चालू असता..." विठोबा शेठ सुरू झाले.

"भावजी, शिक्का नंतर मारा. आवो, तुमी होडीवर जा. कोर्लईच्या समोर नांगर टाका, जिथनं हितनं दिसाल. आनी वायरलेसवर बोला. मी सांगंपर्यंत थांबायचं न्हाय."

"काय बोलू?" काळूराम खरोखर घाबरला.

"काय बी बोला. इतक्या वर्सांचं साचलंय ना पोटात?"

साहेबांनी चहा होईपर्यंत थांबायचं कबूल केलं. होडी खाडीच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली, अगदी स्पष्ट दिसत होती. मॅडमनी लॅपटॉप ऑफिसच्या पायरीवर ठेवला. पडद्यावर किनारा, दोन खांब, आणि खांबांपासून पाण्यावर गेलेली एक रेघ. भोंगा खरखरला.

"क्येसर... क्येसर... मी काळूराम बोलतंय. वव्हर."

रेघ बरोबर होडीवर.

केसर आत जाऊन सोसायटीच्या वायरलेसवर ओरडली, "वव्हर बोलू नका! बटण दाबून धरा!" आणि बाहेर येऊन खांबाला दोरी बांधली. सगळ्यांच्या समोर, सावकाश, गाठ दाखवून. दुसरं टोक पुढच्या बांबूला. विठोबा शेठचं तोंड उघडलं. केसर ओल्या बोंबलांची जोडी जबड्यात जबडा घालून दोरीवर टाकत गेली. तिच्या हातांचा वेग बघून साहेब चहा प्यायचे थांबले.

भोंगा बोलत होता. "इंजिन बरं हाय... तेल बदलायला पायजे... गुडघा दुखतो... कालवणात मीठ जास्त पडतं, ते लग्नापास्नं पडतं... बोललो न्हाय कदी..."

पायरीवर हशा पिकला. एक टोपली संपली.

"सरकली," मॅडम म्हणाल्या.

रेघ होडीच्या काठावर आली होती. केसरने दुसरी टोपली ओढली. नीराबाई कधी येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नाही. तीही हात लावू लागली, सवयीने. दोरी लोंबली, खांबाचा माथा समुद्राकडे जरासा वाकला. निरखून बघितलं तरच दिसेल एवढाच. रेघ होडी सोडून उत्तरेच्या रिकाम्या पाण्यात गेली. होडी होती तिथेच होती.

"थळहून आलीस तवा तू कमी बोलायचीस," भोंगा म्हणाला. "म्हंजे पयला आठवडा."

मॅडम लॅपटॉपकडे, दोरीकडे आणि बोंबलांकडे आळीपाळीने बघत होत्या. "उधाणाला ताजी मासळी जास्त," त्या हळूहळू म्हणाल्या. "म्हणून एकदम उडी. मग वाळत जाते, हलकी होते, म्हणून दोन-तीन दिवसांत उतार. आणि मी आले की दोरी नसते." त्यांनी चष्मा काढला. "माझा चंद्र गेला, केसरताई."

"चंद्र हाय तिथंच हाय, बाय. तुझा पेपर गेला."

मॅडम हसायला लागल्या आणि त्यांना थांबता येईना.

साहेबांना हसू आलं नाही. "म्हणजे त्या दिवशी ही अशीच मासळी होती?"

"पयल्या पाण्याची, म्हंजे आदल्या फेरीची सगळी टाकलेली होती. दोरी भरलेली. आता टाकलीय एवढीच होती," केसर म्हणाली. "खांबाला मीच बांधली. पयल्यापास्नं मीच बांधतंय."

मॅडम आत नकाशाशी गेल्या. आत्ता रेघ जेवढी सरकली तेवढीच त्यांनी त्या दिवशीची रेघ मागे, दक्षिणेला घेतली आणि पेन्सिलीने पुन्हा ओढली. उरणची रेघ होती तिथेच. नवा छेद जहाजांच्या वाटेपासून चांगला लांब आला. "थोडंफार इकडेतिकडे होईल," त्या म्हणाल्या, "पण जहाजांच्या वाटेत नक्की नाही."

"हां, नोंद घ्या," साहेब म्हणाले, आणि या वेळी स्वतःच खिशातून पेन काढून नोंद घेतली. "बंदी असलेल्या जागेत होडी असल्याचं सिद्ध होत नाही. परवाना चालू राहील. मॅडम, तुमच्या खांबांना कुंपण घाला." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि निघाले. जहाजाच्या पुढ्यात आलेलं जाळं कुणाचं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

गर्दी हलली. विठोबा शेठ मात्र नकाशापुढेच उभे होते. त्यांनी पेन्सिलीच्या छेदावर बोट ठेवलं. मग वाकून बघितलं. मग चष्मा लावून बघितलं.

"हा तर आमचा खुंट," ते म्हणाले. त्यात नोटिशीचा मागमूस नव्हता. "नीरे! हिकडं ये. हा आपला खुंट न्हाय काय?"

नीराबाईने ओले हात पदराला पुसले आणि बघितलं. "व्हय. आपलाच." आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढावर गेला. "तरी मी म्हन्ते, आमच्या खुंटाला काय लागतंच न्हाय!"

सगळे केसरकडे बघायला लागले. केसर नकाशाकडे बघत होती. एका खुंटावर दोन खुंटांची मासळी. दर्या देतो. गप्प बसून परवाना घालवायला निघालेला माणूस. तिला सगळं एकदम समजलं, आणि बोलायला काहीच सुचलं नाही. गावाने हे नोंदवून ठेवलं.

भोंगा अजून चालूच होता. "क्येसर... आता काय बोलू? सगळं बोलून झालं. हात दुखतो बटण दाबून. झालं काय? वव्हर."

विठोबा शेठ वायरलेसपाशी गेले. माईक हातात घेतला, घसा साफ केला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "काळूराम, परवाना वाचला. तू ये आता. सावकाश ये. आम्ही सगळे हितंच हावत. वव्हर."

पलीकडे होडीने नांगर उचलला.

केसर बाहेर आली. खांबाची दोरी तिने स्वतःच सोडली, गाठ सुटायला वेळ लागला. जागा गेली हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बोंबील मात्र ओले होते आणि ऊन चढत होतं. ते कुणाच्या सुनावणीसाठी थांबत नाहीत. तिने जोड्या टोपलीत उतरवल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि ऑफिसच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. खिडकी उघडी होती.

"भावजी, तुमच्या वलांडीवर जागा हाय काय?"

"रिकामीच हाय," विठोबा शेठ आतून म्हणाले. "कुणाच्या कृपेनं, ते आज कळलं."

"मग ही मासळी तुमचीच समजा. ह्या उधाणाची सगळी. आनी पुढच्या भांगाला आमचा खुंट ठोकायला तुमची होडी पायजे, ते बी आत्ताच सांगून ठेवतंय, मागनं बोलाल केसर बोलली न्हाय."

शेठनी खिडकी लावली नाही. ते 'नाही'ही म्हणाले नाहीत.

केसर नीराबाईच्या वलांडीपाशी गेली. नीराबाई दोरी ताणून वाट बघत होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि जबड्यात जबडा अडकवून जोड्या टाकू लागल्या. दोरी लोंबायला लागली. लांबून काळूरामची होडी इंजिन अगदी हळू ठेवून येत होती.

"मीठ जास्त पडतं काय गो?" नीराबाईने काळूरामच्या आवाजात विचारलं. "लग्नापास्नं?"

'लग्नापास्नं' तिला जवळपास जमलं होतं. केसरने मान खाली घातली, दोन जोड्या टाकल्या, आणि मग तिलाच राहवलं नाही.

"तसं न्हाय," ती म्हणाली. "मधी दम खायचा."